यकृताचे रहस्य उकलणारा क्लोद बेर्नार

मनुष्याने साखरेचा कण न खाता दिवसभर उपवास केला, तरी त्याच्या रक्तातील साखर नाहीशी होत नाही. ही साखर येते कोठून? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्याने उमेदीची वर्षे वेचली, तो फ्रान्सचा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणजे क्लोद बेर्नार.

त्याचा जन्म 12 जुलै 1813 रोजी फ्रान्समधील सँ-झ्यूलियँ या लहानशा खेड्यात झाला. वडील द्राक्षमळ्यात राबणारे. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण अर्धवट टाकून त्याला लिओं शहरानजीक एका औषधविक्रेत्याच्या दुकानी उमेदवारी करावी लागली. तेथे उरलेसुरले, जुने झालेले औषधी पदार्थ एकत्र करून एक सर्वरोगहारक काढा विकला जाई. त्याने गुण येतो हे कोणी पारखून पाहिलेले नव्हते. विश्वास मात्र सर्वांचा होता. त्या तरुणाच्या मनात संशयाचे बीज पडले ते येथेच.

त्याचा ओढा मात्र नाट्यलेखनाकडे होता. एक पंचांकी नाटक लिहून 1834 मध्ये त्याने पॅरिस गाठले. तेथील एका नामांकित समीक्षकाने पोटासाठी एखादा व्यवसाय शिकण्याचा सल्ला दिला, आणि बेर्नार वैद्यकाकडे वळला. परीक्षांत तो कधी चमकला नाही. 1843 मध्ये त्याला वैद्यकाची पदवी मिळाली; परंतु पुढच्याच वर्षी अध्यापकपदाच्या स्पर्धा-परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. तथापि फ्रांस्वा माझांदी या प्रख्यात गुरूच्या प्रयोगशाळेत त्याचे हस्तकौशल्य सर्वांच्या नजरेत भरले होते.

त्या काळी विद्वानांचा असा सिद्धान्त होता की, साखर निर्माण करणे हे केवळ वनस्पतींचे काम. प्राणी ती खातात आणि खर्च करतात. बेर्नारने हा सिद्धान्त कसोटीला लावला. ज्या कुत्र्यांना केवळ मांस खाऊ घातले होते, त्यांच्या यकृतातून हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात 1848 मध्ये त्याला भरपूर साखर आढळली. आहारात साखर नसता ती यकृतात आली कशी? यकृतच ती तयार करीत असले पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. विरोधक मात्र सहजासहजी मानणारे नव्हते. साखर अन्नातून येऊन यकृतात नुसती साचत असेल, असा त्यांचा आक्षेप होता.

1855 साली त्याने एका प्राण्याच्या काढलेल्या यकृताच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडली, आणि साखरेचा मागमूस न उरेपर्यंत ते धुऊन काढले. मग ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, त्या धुतलेल्या यकृतात पुन्हा साखर जमली होती! अन्न नाही, रक्त नाही. तेव्हा साखर बनविणारे द्रव्य यकृताच्या अंगीच असले पाहिजे, हे उघड झाले. 1857 मध्ये ते द्रव्य त्याने वेगळे काढले आणि त्याला ग्लायकोजेन असे नाव दिले. सुगीचे धान्य कणगीत साठवून वर्षभर पुरवून वापरावे, तसे यकृत ग्लायकोजेन साठविते व गरजेप्रमाणे त्याची साखर करून रक्तात सोडते.

यातूनच त्याला एक व्यापक विचार सुचला. शरीरातील पेशी बाहेरच्या हवापाण्यात राहत नाहीत. रक्तादी द्रवांनी बनलेल्या आंतरिक परिसरात त्या जगतात. हा परिसर स्थिर राखण्यासाठी शरीराचे अवयव अहोरात्र झटत असतात. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा हा पायाच होय.

बेर्नारचे सारेच निष्कर्ष टिकले असे नाही. मधुमेहाचे मूळ यकृतात आहे, अशी त्याची समजूत होती; परंतु 1889 मध्ये मिंकोव्हस्की व फोन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो हे दाखवून दिले. तरीही त्याने उघडलेली वाट खुंटली नाही. यकृतात ग्लायकोजेन साचून राहणाऱ्या एका आनुवंशिक विकारात यकृतपेशींतील एक विशिष्ट विकर उणे असते, हे 1952 मध्ये कोरी दांपत्याने सिद्ध केले.

या यशाची किंमतही लहान नव्हती, आणि ती एकट्या बेर्नारने दिली नाही. त्याच्या अनेक प्रयोगांत मुक्या प्राण्यांना तीव्र यातना झाल्या. त्याची पत्नी आणि मुली या कृत्यांनी व्यथित होऊन त्याच्यापासून दुरावल्या. प्रयोगासाठी प्राणी वापरताना त्याच्या वेदनेचा विचार करणे आज बंधनकारक मानले जाते, हे त्या दुःखातून मिळालेले शहाणपणच म्हटले पाहिजे.

प्रकृती ढासळल्यावर गावच्या मळ्यात विश्रांती घेत असता त्याने प्रायोगिक वैद्यकावरील आपला विख्यात ग्रंथ सिद्ध केला. तो 1865 मध्ये प्रसिद्ध झाला. 10 फेब्रुवारी 1878 रोजी पॅरिस येथे त्याचे देहावसान झाले. फ्रान्सने त्याची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने काढली. शास्त्रज्ञाच्या वाट्याला हा मान तेथे प्रथमच येत होता.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत मागे पडलेल्या या खेडवळ मुलाजवळ एकच भांडवल होते : मोठ्यांचे मत असो वा स्वतःचा तर्क असो, प्रयोगाने नाकारले की ते सोडून देण्याची तयारी. ज्ञानाच्या मार्गावर याहून मोठी शिदोरी नाही.