घरातल्या औषधांच्या डब्याबद्दल फ्लोरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्येच सावध केलं होतं

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. बहुतेकदा तो मिठाईचाच रिकामा डबा असतो. त्यात बाम, बँडेज, खोकल्याचं तळाला गेलेलं औषध आणि मागच्या आजारपणातल्या उरलेल्या दोन-चार गोळ्या. पुन्हा ताप आला की जुनी चिठ्ठी शोधायची आणि त्याच गोळ्या घ्यायच्या.

या सवयीवर बोट ठेवणारी बाई म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल.

शाळेच्या पुस्तकात दिवा घेऊन उभी असलेली, तीच. जन्म १२ मे १८२०, इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात, श्रीमंत इंग्रज घरात. नर्सचं काम तेव्हा हलकं समजलं जायचं, त्यामुळे घरच्यांचा कडाडून विरोध. तिनं ऐकलं नाही. १८५१ मध्ये जर्मनीत जाऊन प्रशिक्षण घेतलं.

१८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ती ३८ परिचारिकांसोबत तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये पोहोचली. तिथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त दगावत होते. १८५५ मध्ये गटारं साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू झपाट्यानं घटले. मायदेशी परतल्यावर तिनं आकडे मांडून पाहिले, तेव्हा स्वच्छतेची किंमत तिला नीट कळली.

त्यातूनच १८५९ मध्ये 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक आलं. ते होतं घरात आजारी माणसाचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी. निरोगी घराला पाच गोष्टी लागतात, असं तिनं सांगितलं: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड.

औषधांबाबत मात्र ती कडक होती. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली 'ब्लू पिल' अनेक बायका पोट साफ व्हायला आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायच्या, इतरांनाही द्यायच्या. या गोळीत पारा असायचा! म्हणजे औषधाच्या नावाखाली विषच पोटात जायचं.

पुढे बराच काळ ती स्वतः आजारी होती, तरी लिहीत राहिली. भारतात कधीच आली नाही, पण इथल्या सार्वजनिक आरोग्यासाठी अनेक वर्षं झटली. १३ ऑगस्ट १९१० ला तिचं निधन झालं.

आज ब्लू पिल नाही, पण उरलेली अँटिबायोटिक्स आहेत. तेव्हा आज घरचा डबा उघडा, एक्सपायरी डेट तपासा आणि खोलीची खिडकीही उघडा.