'अलबेला'च्या गाण्यांमागचा ट्रम्पेटवाला: कोण होते चिक चॉकलेट?

'अलबेला' म्हटलं की सी. रामचंद्र आठवतात. पण त्या गाण्यांच्या जॅझी बाजामागे आणखी एक नाव होतं, चिक चॉकलेट.

खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, गोव्यातलं हळदोणे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. मुंबईत हेच गोव्याच्या वादकांच्या कामी आलं: रात्री हॉटेलात बँड, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग.

चिक यांचा बँड 'ताज'मध्ये वाजायचा. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. सी. रामचंद्रांचे सहाय्यक म्हणून त्यांनी काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त ते बँडसह पडद्यावरही दिसले.

1967 मध्ये ते गेले. त्यांच्यासोबतच्या बहुतेक वादकांची नावं मात्र श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत.