गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (जन्म : टेंभू, १४ जुलै १८५६, मृत्यू : पुणे, १७ जून १८९५) हे मराठी पत्रकार, शिक्षक, निबंधकार आणि बुद्धिवादी समाजसुधारक होते. 'केसरी'चे ते पहिले संपादक आणि 'सुधारक'चे संस्थापक होत.

शिक्षण

आगरकरांचा जन्म कराडजवळील टेंभू या गावी एका गरीब कुटुंबात झाला. कराड, रत्नागिरी, अकोला असे फिरत, मिळेल ते काम करत त्यांनी शिक्षण घेतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा स्नेह जुळला. सरकारी नोकरीचा मोह टाळून ते विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले.

कोल्हापूर प्रकरण

जानेवारी १८८१ मध्ये मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा' ही साप्ताहिके सुरू झाली. व्हाइसरॉय लिटन यांचा १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीचा कायदा तेव्हा अद्याप रद्द झालेला नव्हता. त्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास मुद्रक-प्रकाशकांकडून हमी घेता येई व छापखाना जप्तही करता येई. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी वृत्तपत्रे मात्र त्यातून मोकळी होती.

कोल्हापूर संस्थानचे तरुण छत्रपती शिवाजी (चौथे) यांना वेडसर ठरवून देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. त्यांचा छळ होत असल्याची वदंता सर्वत्र होती. दिवाण माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे असे दर्शविणारी काही पत्रे संपादकांपर्यंत पोहोचली आणि त्यांच्या आधारे दोन्ही पत्रांनी बर्वे यांच्यावर कडक टीका केली. बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला. जामिनासाठी जोतीराव फुले यांनी साहाय्य केले. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून फुल्यांवर केलेली बोचरी टीका लक्षात घेता हे औदार्य विशेषच म्हटले पाहिजे.

पुढे ती पत्रे बनावट निघाली. आगरकर व टिळक यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून त्यांची २६ ऑक्टोबरला सुटका झाली, तेव्हा लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले. या तुरुंगवासाचे वर्णन आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' या पुस्तकात केले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे त्यांचे भाषांतरही याच तुरुंगवासातले.

हेतू शुद्ध असला तरी पारख न करता पत्रांवर भिस्त ठेवणे ही संपादकांची चूक होती, आणि एका व्यक्तीच्या अब्रूचा प्रश्न असल्याने शिक्षा अन्यायाची म्हणता येत नाही. परंतु हा निवाडा लिटनच्या कायद्याने झाला नाही. तो भारतीय दंड संहितेतील बदनामीच्या कलमाखाली, उघड न्यायालयात, पुरावा तपासून झाला. मजकूर खोटा ठरवून आधीच बंद पाडण्याचा अधिकार सरकारकडे असता, तर ज्या सरकारच्या देखरेखीखाली कोल्हापूरचा कारभार चालला होता, तेच न्यायाधीश झाले असते. पत्रे खोटी होती, पण महाराजांविषयीची काळजी सर्वस्वी निराधार नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे, त्यांच्या देखरेखीवरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला.

सुधारक

समाजसुधारणा आधी की राजकीय सुधारणा, या वादातून टिळकांशी मतभेद वाढले आणि १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी 'सुधारक' काढला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे होती. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद यांवर त्यांनी निर्भीडपणे लिहिले. विवाहासंबंधी सुधारणांसाठी सरकारने कायदा करण्यास त्यांची हरकत नव्हती, उलट संमतिवयाच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दम्याने जर्जर होऊन वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'केसरी'तील त्यांचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला.