नगरीच्या तिजोरीचा राखणदार

घरातील कर्ता पुरुष कितीही कर्तबगार असो. त्याचा जमाखर्च कोणी पाहिलाच नाही, तर ते घर कर्जात केव्हा बुडाले हे घरच्या माणसांनाही कळत नाही. जी गोष्ट घराची, तीच गावाची आणि तीच लाखो लोकांच्या नगराचीही. नगराचा पैसा हा कोणा अधिकाऱ्याचा नव्हे; तो कर भरणाऱ्या नागरिकांचा आहे. म्हणून तो कोठे व कसा खर्च झाला, हे विचारण्याचा अधिकारही नागरिकांचाच आहे. हे तत्त्व मुंबई नगरीच्या कारभारात ज्यांनी रुजविले, त्यांमध्ये सर फिरोजशहा मेहता यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबई येथे एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी संपादन केल्यावर, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांच्या उदार देणगीचा लाभ होऊन, ते कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. लंडनमध्ये त्यांना दादाभाई नवरोजींचा सहवास लाभला. इंग्लंडमधील नागरिक आपल्या नगराचा कारभार आपणच निवडलेल्या प्रतिनिधींकरवी कसा चालवितात, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

त्या काळी मुंबईची स्थिती मोठी चमत्कारिक होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा जणू पूर लोटला. युद्ध थांबताच तो पूर ओसरला आणि अनेक धनिकांचे दिवाळे निघाले. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. परंतु गटारे, रस्ते व स्वच्छता यांची व्यवस्था एवढ्या वस्तीला मुळीच पुरेशी नव्हती.

हे चित्र पालटण्यासाठी १८६५ साली नवा कायदा झाला आणि आर्थर क्रॉफर्ड यांची म्युनिसिपल कमिशनर म्हणून नेमणूक झाली. क्रॉफर्ड हे विलक्षण धडाडीचे अधिकारी होते. त्यांनी नवे रस्ते केले, घाण दूर करण्याची व्यवस्था सुधारली आणि भव्य मंडई उभारली. त्यांच्या नावाने प्रसिद्धीस आलेली ती मंडई आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. शहराचे आरोग्य सुधारू लागले, यात शंका नाही. परंतु कामाच्या ओघात खर्चाचे भान सुटले. मंजुरीची वाट न पाहता पैसा खर्च होऊ लागला. तिजोरी रिती झाली, देणी थकली आणि करांचा भार मात्र वाढतच गेला.

आता प्रश्न असा की, हे सारे चालले असता देखरेख करणारे कोठे होते? कायद्याने देखरेखीचे काम जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त सभासदांकडे सोपविले होते. त्यांची संख्या मोठी होती. पण त्यांना करदात्यांनी निवडलेले नसल्यामुळे करदात्यांना जाब देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. हिशेबांवर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारीही होता. पण त्याचाही अंकुश चालला नाही. पहारेकरी होते, पण पहारा नव्हता!

१८७१ साली करदात्यांच्या असंतोषाचा भडका उडाला. सभा भरू लागल्या, वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. सर्वांचा रोख क्रॉफर्ड यांच्यावर होता. त्यांना दूर करावे आणि कमिशनरचे अधिकार काढून घेऊन ते एका समितीच्या हाती द्यावेत, अशी मागणी होऊ लागली. लोकप्रियता मिळवू पाहणाऱ्या तरुण वकिलाला ही सुवर्णसंधीच होती. लोकांच्या सुरात सूर मिसळला असता, तर टाळ्यांचा कडकडाट ठरलेलाच होता.

फिरोजशहांनी तसे केले नाही. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी या विषयावर एक निबंध वाचला. क्रॉफर्ड यांनी शहरासाठी जे केले त्याचे श्रेय त्यांनी मोकळ्या मनाने दिले. एका माणसाला दोष देऊन हा रोग बरा होणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारभार चालविण्यासाठी एक समर्थ व जबाबदार अधिकारी हवाच. दहा जणांच्या समितीने तो चालविला, तर जबाबदारी कोणाचीच राहणार नाही. उणीव होती ती दुसऱ्याच ठिकाणी. त्या अधिकाऱ्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असली पाहिजे, आणि हिशेब तपासणारा अधिकारी त्या सभेने नेमलेला असला पाहिजे, असा उपाय त्यांनी सुचविला. संतापलेल्या लोकांना हे विचार रुचले नाहीत. फिरोजशहांना त्यांचा रोष पत्करावा लागला. पण ते आपल्या मतापासून ढळले नाहीत.

काळाने त्यांचीच बाजू खरी ठरविली. १८७२ साली नवा कायदा झाला. चौसष्ट सभासदांचे महामंडळ स्थापन होऊन त्यांपैकी निम्मे, म्हणजे बत्तीस सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. जमाखर्चावर लक्ष ठेवण्यासाठी बारा जणांची नगरसमिती नेमण्यात आली. मत देण्याचा अधिकार मात्र अद्याप ठरावीक कर भरणाऱ्या थोड्याच लोकांना होता. तरीही देशाच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते. १८७३ साली फिरोजशहा महामंडळाचे सभासद झाले. पुढे १८८४, १८८५ आणि १९०५ साली त्यांनी त्याचे अध्यक्षपदही भूषविले.

नवरोजी फरदुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, दिनशा वाच्छा यांसारखे अभ्यासू सभासदही या महामंडळाला लाभले. फिरोजशहांचा वकिलीचा व्यवसाय उत्तम चालला होता. त्यांच्या वेळेला मोल होते. पण तो वेळ नगराच्या कामासाठी देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. कमिशनरचे अहवाल व खर्चाचे तक्ते ते बारकाईने अभ्यासीत आणि मगच सभेत बोलावयास उभे राहत. नुसत्या वक्तृत्वाने हिशेब तपासला जात नाही. त्याला आकड्यांचा अभ्यास लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

१८८८ साली मुंबईसाठी अधिक व्यापक कायदा करण्यात आला. त्याच्या मूळ मसुद्यात महामंडळाचे अधिकार तोकडे राहतील अशी भीती होती. कायदेमंडळात फिरोजशहा आणि न्यायनिपुण काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी कलमामागून कलम तपासून त्यात महत्त्वाच्या सुधारणा घडवून आणल्या. कमिशनरने अंदाजपत्रक तयार करावे, स्थायी समितीने ते तपासावे आणि महामंडळाने त्यास मंजुरी द्यावी, अशी व्यवस्था पक्की झाली. वेळोवेळी दुरुस्त्या होऊनही हाच कायदा मुंबईत आजवर चालत आला आहे. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल त्याच कायद्यानुसार स्थायी समितीपुढे ठेवतो.

करदात्यांच्या पैशासाठी फिरोजशहा प्रसंगी सरकारशीही झगडले. शहरातील पोलिसांच्या खर्चाचा बोजा सरकारने नगरपालिकेवर टाकला होता. ज्या खात्यावर नगरपालिकेचा अधिकार चालत नाही, त्याचा खर्च तिने का सोसावा, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. हा वाद अनेक वर्षे चालला. अखेर १९०७ साली पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्याच्या मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय साहाय्य यांची जबाबदारी नगरपालिकेकडे आली.

त्याच वर्षी त्यांच्या निर्भीडपणाची किंमत वसूल करण्याचा प्रयत्न झाला. काही वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांनी संगनमत करून जस्टिसांच्या मतदारसंघात त्यांचा पराभव घडवून आणला. सोळा जागा होत्या. फिरोजशहांचा क्रमांक सतरावा लागला! परंतु निवडून आलेल्या एका सभासदाचा नगरपालिकेच्या कंत्राटांशी संबंध असल्याचे उघडकीस आले. नगराचा पैसा राखणाऱ्याने त्याच पैशावर नफा मिळवू नये, हा कायद्याचा दंडक होता. त्या सभासदाची निवड रद्द झाली आणि फिरोजशहा पुन्हा महामंडळात आले. ज्या नियमांचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला, तेच नियम त्यांच्या साहाय्यास धावून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

राष्ट्रकार्यातही त्यांचा वाटा मोठा होता. १८९० साली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष होते. तथापि त्यांचे खरे प्रेम होते ते आपल्या नगरीवर. मुंबईकर त्यांना आपला अनभिषिक्त राजा मानीत. पण हा राजा खजिना लुटणारा नव्हता. तो खजिन्याची राखण करणारा होता.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांचे देहावसान झाले. त्याच वर्षी मावळातील वलवण व लोणावळा येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरवून निर्माण केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. शहराचे वैभव असे दिवसेंदिवस वाढत होते. आणि वैभव वाढले की ते राखणाऱ्या डोळस नागरिकांची गरजही वाढते.

बोरीबंदरसमोर महापालिकेची भव्य इमारत आहे. १८८४ साली, फिरोजशहा अध्यक्ष असताना, तिची पायाभरणी झाली आणि १८९३ साली ती पुरी झाली. तिचे वैशिष्ट्य केवळ घुमटांत वा कमानींत नाही. एवढी मोठी इमारत मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात बांधून झाली, हा तिचा खरा गौरव होय. तिच्यासमोरच फिरोजशहांचा पुतळा उभा आहे. ज्या घरात लोकांच्या पैशाचा हिशेब होतो, त्या घराच्या दारात त्यांच्याहून अधिक योग्य राखणदार कोण असणार?