दानशूर जमनालाल बजाज

राजस्थानातील एका खेड्यात १८८९ साली जन्मलेले जमनालाल बालपणीच वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घराण्यात दत्तक आले. व्यापारात त्यांनी विपुल धन मिळविले. इंग्रज सरकारने त्यांस रायबहादुर ही पदवीही दिली. १९२१ साली असहकारितेच्या चळवळीत त्यांनी ती परत केली आणि वकिली सोडणाऱ्या देशभक्तांच्या निर्वाहासाठी टिळक स्वराज्य फंडास १ लाख रुपये दिले. राज्यकर्त्यांना पैसा देणाऱ्यास लाभाची आशा असते. येथे राज्यकर्त्यांच्या रोषाचीच खात्री होती. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. काँग्रेसचे खजिनदारपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते निवर्तले. धन मिळविणारे पुष्कळ. ते देशकार्यास देऊन वर तुरुंगही पत्करणारा विरळाच!