खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

मुलांनो, खर्डी स्टेशनावर तुम्ही गाडीची वाट पाहता ना? अशाच एका लहान स्टेशनावर एका थोर गवयाने अखेरचे सूर आळवले. त्यांचे नाव अब्दुल करीम खाँ.

त्यांचा जन्म १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना गावी झाला. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. उत्तरेकडचे गवई तेव्हा दक्षिणेच्या संगीताकडे सहसा वळत नसत. खाँसाहेबांनी मात्र तेथील सरगम आवडीने आपल्या गाण्यात आणली. एकेक स्वर ते हळुवारपणे फुलवीत. सोपे वाटते? करून पाहा!

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मैफलींच्या कमाईतून ते गरीब शिष्यांना सांभाळत. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य, आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे.

१९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज अदा केली आणि दरबारी रागात गात गात प्राण सोडला. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. तेथे उरुसात आजही गायक हजेरी लावतात.