राजधर्म आणि मातृहृदय : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

श्रींच्या कृपेने व आपणा सर्व दात्यांच्या औदार्याने आपल्या गावच्या महादेव मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य सिद्धीस जात आहे. अशा शुभप्रसंगी, जिने हिंदुस्थानभर पडक्या देवालयांवर पुन्हा कळस चढविले त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे स्मरण करणे हे आपले आद्य कर्तव्य होय. काशीविश्वनाथ, सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद ही नावे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु एवढी मंदिरे उभारणाऱ्या या माउलीचे स्वतःचे घर मात्र एकेक माणूस जाऊन कसे रिते होत गेले, आणि तरीही तिची दुपारची कचेरी कशी चालू राहिली, हे फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात ते यथामती सांगण्याचे योजिले आहे.

गादीवर बसलेल्या माणसाकडून लोकांच्या अपेक्षा नेहमीच दुहेरी असतात. त्याने प्रजेला लेकरासारखे मानावे, आणि स्वतःच्या लेकराला मात्र परके मानावे. घरात मयत झाले तरी त्याने रडू नये; आणि रडला नाही तर त्याला काळीज नाही असे म्हणायलाही लोक मोकळेच. ही ओढाताण थोरामोठ्यांच्या सर्वच घराण्यांच्या वाट्याला आली आहे. पण ती अहिल्यादेवींइतकी दीर्घकाळ आणि एकट्याने क्वचितच कोणी सोसली असेल.

होळकर घराण्याचा आणि आपल्या खानदेशाचा संबंध जुना व जिव्हाळ्याचा आहे. घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. मातेने त्यांना घेऊन आपल्या भावाचे, भोजराज बारगळ यांचे, तळोदे गाव गाठले. मल्हारराव तेथेच मामाच्या आश्रयाने वाढले, घोड्यावर बसू लागले, आणि मामांचीच कन्या गौतमाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तळोदे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते आपल्या धुळे जिल्ह्यातच होते. म्हणजे अहिल्यादेवींच्या सासूबाईंचे माहेर आपल्या खानदेशातले. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा असा सातपुडा ओलांडून मुंबई-आग्रा रस्त्याने गेले म्हणजे खलघाटाला नर्मदा लागते, आणि तेथून जवळच त्यांची राजधानी महेश्वर आहे. दक्षिणेस याच रस्त्यावर चांदवडला त्यांचा रंगमहाल उभा आहे. आपला मुलूख असा त्यांच्या वाटेवरचाच.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडी या लहानशा गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खेड्यातल्या पाटलाची लेक सुभेदारांच्या घरात सून म्हणून आली. लिहिणे, वाचणे, हिशेब पाहणे हे त्या शिकल्या. सासूबाई कडक शिस्तीच्या, सासरे शीघ्रकोपी. पण दोघांनीही या सुनेची पारख लवकरच केली. १७४५ साली पुत्र मालेराव आणि १७४८ साली कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये झाली. संसार भरला.

तो फार काळ टिकायचा नव्हता. १७५४ साली जाट राजा सूरजमल याच्या कुंभेरीच्या किल्ल्यास मराठ्यांचा वेढा पडला असता खंडेराव तोफेचा गोळा लागून ठार झाले. अहिल्यादेवींनी त्या वेळी वयाची तिशीही गाठली नव्हती. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास सिद्ध झाल्या. तेव्हा पुत्रशोकाने खचलेल्या वृद्ध मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. खंडू गेला, आता तूच माझा मुलगा, या म्हाताऱ्याला एकटे टाकून जाऊ नकोस, अशा अर्थाची विनवणी त्यांनी केली. सून थांबली. लोक काय म्हणतील याचा विचार न करता सासऱ्याच्या शब्दासाठी ती मागे फिरली. ही एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण सदतीस वर्षांनी हाच प्रसंग उलटा होऊन पुन्हा त्यांच्यापुढे उभा राहिला.

यापुढे मल्हारराव मोहिमेवर आणि अहिल्यादेवी कारभारावर, असे चालू झाले. तोफखाना, दारूगोळा, बैलांची वैरण, वसुलाची रक्कम, सर्व कामे सासरे पत्राने सुनेवर सोपवीत आणि ती बिनचूक पार पडत. १७६१ साली पानिपतचा घाला पडला. त्याच साली गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर मुक्कामी मल्हाररावही कैलासवासी झाले, आणि नातू मालेराव गादीवर आला.

मालेराव स्वभावाने चंचल व क्रूर निघाला. आईने काकुळतीने सांगितले तरी त्यात फरक पडला नाही. सर जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने, अहिल्यादेवींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून माहिती मिळवून, १८२३ साली माळव्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात असे आहे की मालेरावाने संशयावरून एका निरपराध कारागिराचा वध करविला, आणि तो निर्दोष होता हे समजल्यावर त्याच्या मनाने असा धसका घेतला की त्याला वेडच लागले. त्या कारागिराचे भूत आपल्याला धरून आहे असे त्याला वाटे. आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून असे. त्या भुताला उद्देशून ती विनवणी करी की तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला इनाम देते, पण माझ्या मुलाला सोड. उपयोग झाला नाही. १७६७ साली मालेराव गेला. त्याला गादीवर बसून वर्षही झाले नव्हते.

येथे एका लोककथेविषयी लिहिणे जरूर आहे. मालेरावाच्या रथाखाली वासरू मेले, म्हणून अहिल्यादेवींनी पोटच्या मुलाला रस्त्यावर बांधून त्याच्यावर रथ घालण्याची आज्ञा दिली, आणि शेवटी गाईनेच आडवी येऊन त्याला वाचविले, ही कथा आपण कीर्तनातून ऐकतो. तिला अस्सल कागदाचा आधार नाही. पुत्राच्या मृत्यूला मातोश्रीच कारण झाल्या अशीही एक कंडी त्या काळी उठली होती. मालकमने चौकशी करून ती खोटी ठरविली. परंतु अशा कथा का निर्माण होतात हे पाहावे. न्यायी राणी म्हणजे मुलालाही न सोडणारी, अशी लोकांची समजूत. म्हणून लोकांनी तिच्या हातात मुलाच्या मृत्यूची आज्ञा दिली. खरी अहिल्याबाई मुलाच्या अंथरुणापाशी बसून भुताला हात जोडत होती. माझ्या अल्पमतीप्रमाणे ही खरी अहिल्याबाई कथेतल्या अहिल्याबाईपेक्षा कमी थोर नाही.

मुलाचे दुःख ताजे असतानाच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्याकडे द्यावा असा आग्रह धरला, आणि पेशव्यांचे चुलते राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले. घरात कर्ता पुरुष नाही, बाई शोकात आहे, आता दौलत अलगद पदरात पडेल, हा त्यांचा हिशेब. बाईने डोळे पुसले आणि शिंदे, गायकवाड आदी सरदारांना पत्रे धाडली. स्त्रीशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादांना पाठविला असे परंपरेने सांगतात. दादा समाचाराला आलो असे सांगून परतले. माधवराव पेशव्यांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. तुकोजी होळकरांकडे फौज आणि स्वतःकडे मुलकी कारभार अशी वाटणी करून अहिल्यादेवींनी पुढे अठ्ठावीस वर्षे राज्य केले.

त्यांचा दिनक्रम मालकमने नोंदला आहे. सूर्योदयाच्या घटकाभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे शाकाहारी भोजन, थोडी विश्रांती. नंतर दुपारी दोनच्या सुमारास कचेरीत बसणे ते सूर्यास्तापर्यंत. सायंपूजेनंतर रात्री नऊ वाजता पुन्हा काम, ते अकरापर्यंत. पडदा नव्हता, फिर्याद घेऊन कोणीही समोर यावे. आम्ही कचेरीतील माणसे दुपारच्या सुट्टीकडे डोळे लावून बसतो, त्यांनी हे वेळापत्रक एकदा तरी मनाशी वाचावे.

या कारभारातील सर्वांत मोलाची गोष्ट हिशेबाची आहे. होळकरांच्या घरात खासगी आणि दौलत अशी दोन निराळी खाती होती. खासगीचे उत्पन्न घरच्या स्त्रीचे, ते गौतमाबाईंपासून चालत आलेले. दौलतीचे उत्पन्न राज्याचे, ते फौजेला आणि कारभाराला. अहिल्यादेवींनी मंदिरे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा मोठा खर्च खासगीतून केला. काशीचे मंदिर १७८० साली, सोमनाथचे १७८३ साली उभे राहिले. ही देवळे त्यांच्या राज्याच्या हद्दीबाहेरची. तेथे खर्च करायचा तो स्वतःच्या वाट्यातून, हा त्यांचा दंडक होता. खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवांनी आपली सर्व संपत्ती बाईंना अर्पण करण्याचे ठरविले, तेव्हा बाईंनी ती घेतली नाही. तुम्हीच लोकोपयोगी कामाला लावा असे सांगितले. मूल नसलेल्या एका सावकाराची मिळकत सरकारजमा होऊ घातली असता त्याच्या विधवेला दत्तक घेण्याचा हक्कही त्यांनी राखून दिला. स्वतःवर लादले जाणारे दत्तक त्यांनी नाकारले होते. दुसरीला हवे असलेले दत्तक मात्र त्यांनी मिळवून दिले.

पण दैवाने अजून हात आवरला नव्हता. कन्या मुक्ताबाई हाच आता एक आधार. जो चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन असा पण लावून बाईंनी तिचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी केला असे सांगतात. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा हा आजीच्या डोळ्यांचा तारा. तो १७९० साली ऐन तारुण्यात गेला. १७९१ साली यशवंतरावही गेले, आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या.

वृद्ध आईने लेकीचे पाय धरले. एके काळी सासऱ्याने आपल्याला जी विनवणी केली होती तीच आता तिने लेकीला केली. मुक्ताबाईंनी सौम्यपणे पण निश्चयाने नकार दिला. आई, तू वृद्ध झालीस, तुझे आयुष्य थोडे उरले. तू गेल्यावर मला कोण, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ज्या बाईच्या एका शब्दावर मुलूख चालत होता, तिचा शब्द लेकीपुढे आणि रूढीपुढे चालला नाही. हुकूम काढून लेकीला अडवावे, तर धर्मशील राणीनेच धर्म मोडला असे लोक म्हणणार. न अडवावे, तर लेक जाणार. सतीबंदीचा कायदा व्हायला अजून अडतीस वर्षे होती. तो १८२९ साली झाला. बाई यात्रेबरोबर नर्मदेच्या काठी गेल्या. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. दोन ब्राह्मणांनी त्यांना दोन्ही हातांनी धरून ठेवले होते, आणि त्या आपलेच हात दातांनी चावत होत्या, असे मालकम लिहितो. पुढे तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. नंतर गेलेल्यांचे स्मारक बांधायला सांगून त्या पुन्हा कामाला लागल्या.

यानंतर त्या चार वर्षे जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी त्यांनी देह ठेवला. त्यांचे राज्य म्हणजे काय होते हे आपल्या खानदेशाला लवकरच कळून आले. वारसांच्या भांडणात होळकरशाही विसकटली. अवघ्या सात वर्षांत, १८०२ साली, यशवंतराव होळकरांच्याच फौजेने खानदेश उजाड केला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावे ओस पडली. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी तापीकाठचा थाळनेरचा किल्लाही पडला.

आज अहमदनगर जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, आणि २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी सर्वत्र साजरी झाली. पुतळे उभे राहिले, ते योग्यच झाले. परंतु देवीचा पुतळा रडत नाही, आणि अहिल्याबाई रडल्या होत्या. त्यांनी दौलतीचा पैसा घरात आणला नाही आणि घरचे दुःख रयतेच्या माथी मारले नाही. पण आपण आई आहोत हे त्यांनी कोणापासून लपविलेही नाही. पदावरच्या माणसाकडून आपण हिशेबाचा चोखपणा जरूर मागावा, तो आपला हक्कच आहे. त्याच्या घरी दुःख झाले असता मात्र त्याने दगड व्हावे असे मागू नये.

मंदिर पूर्ण झाल्यावर त्याचा जमाखर्च गावापुढे वाचला जाईलच. तो पै-पैचा चोख असावा, ही अहिल्यादेवींची खरी पूजा होईल. आणि देवदर्शन करून घरी परतताना, आपल्या घरातील विधवा सून, मूल गमावलेली आई, एकटी पडलेली वृद्धा यांच्यापाशी घटकाभर बसावे. मल्हाररावांनी सुनेला थांबविले म्हणून पुढची एवढी देवळे उभी राहिली, हे आपण विसरू नये.

त्या मातोश्रींच्या पवित्र स्मृतीस त्रिवार वंदन करून ही अल्पशी सेवा श्रींच्या चरणी अर्पण करतो.